काचेखालचा पाचोळा

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. अम्मींना तपासणीसाठी शहरातल्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. रात्रभर पाऊस कोसळून सकाळी उघडीप मिळाली होती. गुडघ्यांमुळे अम्मींना मागे बसता येत नाही, म्हणून त्या नेहमीप्रमाणे पुढे, डावीकडच्या सीटवर बसल्या. घाट सुरू झाला. पहिल्याच उजव्या वळणावर डॅशबोर्डच्या आत कुठेतरी पाणी हिंदकळल्याचा आवाज आला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. अम्मी खिडकीबाहेर पाहत होत्या.

दवाखान्यासमोर उतरताना दिसले, त्यांच्या चपला भिजलेल्या आणि बुरख्याचा खालचा काठ ओलाचिंब.

"अम्मी, हे कधीपासून?"

"मागच्या पावसापासून. थोडं पाणी येतं, एवढंच."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी आमच्याकडे न बघताच उत्तर दिले, "सांगितलं असतं, तर तुम्ही गाडी विकायला काढली असती."

खरे सांगायचे तर आम्ही तेच करणार होतो. घरात त्यावर बोलणेही झाले होते. गाडीत दमट वास येतो, पायाखालचे मॅट कधीच वाळत नाही, नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले आहे, तेव्हा आता भंगारात द्यावी. फक्त हे अम्मींच्या कानावर गेले नसेल, असा आमचा समज होता.

अब्बांची गाडी

ही गाडी म्हणजे १९९६ सालची मारुती ८००. अब्बांनी घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी. आज रस्त्यावर ती क्वचित दिसते, म्हणून नव्या पिढीसाठी थोडे सांगायला हवे. पहिल्या मारुती ८०० ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या एका ग्राहकाला देण्यात आली. १९८६ मध्ये तिचे रूप बदलले आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन आणि अंगात बसेल एवढीच जागा. तरी हजारो मध्यमवर्गीय घरांना स्कूटरवरून चार चाकांवर आणले ते याच गाडीने. आमच्या घरालाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन नूतनीकरण करावे लागते. अब्बा हयात असताना ही तपासणी त्यांना कधी जड गेली नाही. ते गेल्यावर मात्र गाडीला एकेक दुखणे लागत गेले. आम्ही म्हणत होतो, वय झाले. वयाचा दोष किती आणि आमचा किती, हे कळायला तो पावसाळा यावा लागला.

पाणी नेमके कुठून येते?

पहिली चूक आम्ही घाईत केली. शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने काचेभोवतीच्या रबराकडे बोट दाखवले आणि म्हटले, "रबर कडक झालंय, पाणी इथूनच उतरतं." रबर जुने होतेच, आम्हाला पटले. पुढची काच काढली, नवे रबर बसवले, बिल भरले. पुढच्या पावसात अम्मींचे पाय पुन्हा भिजले.

हे इतरांच्या बाबतीत होऊ नये म्हणून आधी पाणी ओळखायची रीत सांगतो. पुढच्या सीटच्या पायाजवळ पाणी साचण्याची कारणे बहुधा तीन असतात आणि घरच्या घरी ती वेगळी करता येतात.

उन्हाळ्यात, पाऊस नसताना, एसी चालवल्यावर मॅट ओले होत असेल, तर एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. ज्या गाडीला हीटर आहे तिच्यात पाणी चिकट लागले, गोडसर वास आला, हिरवा किंवा तांबूस रंग दिसला, काचेवर आतून तेलकट धुके बसू लागले, तर ते इंजिन थंड ठेवणारे कूलंट आहे. ते लहान मुलांच्या आणि मांजरांच्या तोंडात जाता कामा नये, कारण ते विषारी असते. आणि पाणी फक्त पावसानंतर किंवा गाडी धुतल्यानंतर येत असेल, वळणावर किंवा ब्रेक मारताना एकदम धार लागत असेल, मातकट असेल आणि कुजल्या पाल्याचा वास येत असेल, तर पहिला संशय काचेखालच्या जाळीवर घ्यावा.

आमच्या पाण्याला असा वास वर्षभर येत होता. आम्ही त्यावर सुगंधी डबी आणून ठेवली होती!

काऊल की कौल?

शेवटी आम्ही अब्बांच्या ओळखीच्या मिस्त्रीचाचांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, स्वतःचे गॅरेज आता मुलाच्या हाती. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिले नाही. एक मग पाणी मागवले आणि काचेच्या पायथ्याशी असलेल्या काळ्या जाळीवर हळूहळू ओतले. मग म्हणाले, "बेटा, आता मोज. पाणी चाकामागून खाली पडायला हवं."

आम्ही मोजत राहिलो. उजवीकडून थोडे थेंब पडले. डावीकडून काहीच नाही. जरा वेळाने आतून टपटप सुरू झाली, बरोबर अम्मींच्या सीटपुढे.

"काऊल भरलाय," चाचा म्हणाले.

घरी येऊन आम्ही हेच अम्मींना सांगितले. त्यांनी ऐकले 'कौल'. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "कौलांच्या पन्हळीत पाला अडकला की घर गळणारच. त्यात गाडीचा काय दोष?"

शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवण्यात आयुष्य चाललेले. शब्द चुकीचा ऐकला म्हणून हसावे की अर्थ अचूक लावला म्हणून दाद द्यावी, हे आम्हाला सुचेना. कारण काऊल म्हणजे खरोखरच गाडीची पन्हळ.

बॉनेट जिथे संपते आणि पुढची काच जिथे सुरू होते, त्या दोहोंमधल्या आडव्या पट्ट्याला काऊल म्हणतात. गॅरेजमध्ये कोणी त्याला नुसते 'वायपरची जाळी' म्हणते. वर फटी किंवा जाळी असते, खाली पत्र्याचा पोकळ हौद. गाडीच्या आत येणारी ताजी हवा इथून येते. इथूनच का, याचे उत्तर नववीतल्या आमच्या धाकट्याने दिले. गाडी धावताना समोरची हवा काचेवर आपटते आणि काचेच्या पायथ्याशी दाटते. तिथे हवेचा दाब वाढतो. त्यामुळे पंखा न लावताही हवा आपोआप आत शिरते.

पण जिथून हवा शिरते तिथून पाऊसही शिरतो. म्हणून हवेच्या तोंडाला उंच काठ दिलेला असतो. हवा काठावरून वळून आत जाते आणि जड असलेले पाणी खाली हौदात पडते. हौदाच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची भोके किंवा नळ्या असतात. त्यांतून पाणी पुढच्या चाकामागे, दरवाजाच्या बिजागरीच्या आसपास, जमिनीवर पडते. पाऊस कितीही असो, ही भोके मोकळी असतील तर आत थेंब येत नाही. ती बुजली की पाणी चढत चढत काठापर्यंत पोहोचते आणि हवेच्या वाटेने आत उतरते. सरळ रस्त्यावर ते काठाखाली राहते, पण घाटात उजवीकडे वळलो की डावीकडे झेपावते. अम्मींच्या पायांवर धार पडायची ती यामुळे.

जाळीखाली काय निघाले

पुढच्या रविवारी चाचांच्या देखरेखीखाली आम्ही ती जाळी काढली. खाली हौद दिसलाच नाही, दिसली ती काळी माती. बोटभर जाडीचा थर, त्यात गुलमोहराच्या बारीक पाकळ्या आणि चिंचेची पाने, आंब्याचा मोहोर, एक गंजलेली टाचणी आणि मातीतून वर आलेले दोन पानांचे हिरवे रोप. आमच्या गाडीत झाड उगवले होते!

मोठी पाने मुळी धोक्याची नव्हेतच, हे तेव्हा कळले. सागाचे किंवा काजूचे पान जाळीवर अडते, दिसते, उचलले जाते. घात करतात ती गुलमोहर, चिंच, शेवगा यांची इवलीशी पाने. ती फटीतून सरळ आत जातात, धुळीत मिसळतात, पहिल्या पावसात भिजून त्यांचा लगदा होतो आणि तो निचऱ्याच्या भोकावर बुचासारखा बसतो. आमची गाडी गेली चार वर्षे गुलमोहराखाली उभी होती. सावली चांगली म्हणून.

त्याहून वाईट म्हणजे कुजलेला पाला स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. बाहेरचा पत्रा पावसात भिजतो आणि वाळतो. पाल्याखालचा पत्रा मात्र मे महिन्यातही ओलाच राहतो. गंज तिथूनच लागतो. मग पाणी पायाखालच्या कापडात, त्याखालच्या नमद्यात मुरते आणि गाडीचा तळ आतून सडू लागतो. वरून गाडी चकचकीत दिसत असते.

जुन्या गाड्यांच्या जगात याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आलेली फोर्ड मस्टँग आज जगभरचे शौकीन जपतात. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांमध्ये काचेपुढच्या पत्र्यात फटी आहेत आणि आतल्या पत्र्यात हवेसाठी उंच काठाची दोन गोल तोंडे आहेत. त्यांचा आकार टोपीसारखा, म्हणून तिकडे त्यांना 'टॉप हॅट' म्हणतात. या टोप्यांच्या बुडाशी पाला साचतो, बूड गंजून पाझरू लागते आणि पाणी थेट पायांवर येते. अडचण अशी की वरचा पत्रा स्क्रूने नव्हे, स्पॉट वेल्डिंगने जोडलेला आहे. आतली दुरुस्ती करायची तर पुढचे फेंडर उतरवून, कित्येक वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. मूठभर पाल्यापायी महिनोन्‌महिन्यांचे काम. जुनी मस्टँग विकत घेणारा जाणकार म्हणूनच रंग पाहण्याआधी काचेखाली पाणी ओततो आणि आत डोके घालून पाहतो.

आपल्याकडेही जुन्या गाडीला आता कायद्यात वेगळी ओळख मिळाली आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली अट आहे. ज्यांच्या घरी आजोबांची फियाट किंवा अॅम्बॅसॅडर ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे. मूळचा पत्रा टिकला तरच गाडी टिकली.

सफाई कशी करावी

हे काम कोणीही करू शकतो. कधी न काढलेला पाला असेल तर एक सकाळ लागते, नंतर दहा मिनिटे पुरतात. आम्ही शिकलो ते क्रमाने देतो.

१. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन गार होऊ द्या आणि किल्ली खिशात ठेवा. वायपरच्या दांड्या याच पोकळीत फिरतात. चुकून वायपर सुरू झाला तर बोटे चेपतील. आतला पंखा बंद ठेवा आणि ताज्या हवेचा खटका बंद करा, म्हणजे कचरा पंख्यात जाणार नाही.

२. हातमोजे घाला. ओल्या पाल्यात विंचू, गोम, गांधीलमाशीचे घर, काहीही असू शकते. उंदराने घरटे केले असेल तर तोंडाला फडके बांधा, घरटे ओले करून उचला आणि जवळपासच्या वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहा.

३. बॉनेट उघडून आधी कोरडा पाला हाताने वेचा. पाण्याचा पाइप लगेच हाती घेऊ नका. सगळ्यांची पहिली चूक हीच होते. पाण्याने पाला बाहेर येत नाही, तो भोकांकडे वाहत जातो आणि तिथे घट्ट बसतो.

४. फटीतला कचरा काढायला घरचा व्हॅक्यूम क्लीनर उत्तम. त्याचे तोंड मोठे पडते, म्हणून त्याला फूटभर बारीक नळी चिकटपट्टीने जोडा. व्हॅक्यूम नसेल तर रंगाचा जुना मऊ ब्रश आणि लांब चिमटा पुरतो. पंक्चरवाल्याकडची जोरदार हवा वरून मारू नका, पाला आणखी खोल जातो.

५. जाळी निघणारी असेल तर आधी वायपरच्या हातांची जागा काचेवर चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा, म्हणजे परत बसवताना वाकडे बसणार नाहीत. जुने प्लास्टिक कडक होऊन तडकते, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मगच क्लिपा सोडवा. जोर लावू नका. जिथे जाळी पत्र्याचाच भाग आहे, तिथे फटींतून काम करावे लागते. वेळ जास्त जातो, इतकेच.

६. आता निचऱ्याची दोन्ही भोके शोधा. त्यांत लोखंडी तार खुपसू नका. तारेने रंग खरवडतो, तिथेच गंज धरतो आणि आतली रबरी नळी निसटली तर नवीनच दुखणे. गवत कापायच्या यंत्रात असते तशी जाड नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत आत सारा. शक्य असेल तर खालच्या तोंडाकडून वर. लगदा सुटून खाली पडू लागतो.

७. पाण्याची पाळी आता. एक मग, तोही सावकाश. घरातल्या मुलांना कामाला लावा. एक डाव्या चाकामागे, एक उजव्या चाकामागे, एक आत टॉर्च घेऊन. आतल्या फरशीवर कोरडे वर्तमानपत्र पसरून ठेवा, थेंब पडला की लगेच डाग दिसतो. दोन्हीकडून पाणी सारखे पडले आणि कागद कोरडा राहिला, तर काम फत्ते. भोके मोकळी असूनही कागद भिजला, तर काठच गंजून फुटला आहे असे समजा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

८. हौद पूर्ण वाळू द्या आणि पत्रा तपासा. नुसता तांबूस थर असेल तर तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड लावून, वर रंग द्यावा. भोक पडले असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे हाच इलाज. वरून पुट्टी फासून झाकलेले भोक पुढच्या पावसाळ्यात दुप्पट होऊन भेटते.

९. शेवटी पायाखालचे मॅट, कापड आणि नमदा बाहेर काढून कडकडीत उन्हात वाळवा. वरचे कापड सुकले म्हणजे झाले असे नाही. पाणी नमद्यात राहते आणि त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

सवय कशी ठेवावी

कोकणात जून उजाडायच्या आत आपण पन्हळी साफ करतो, कौले शाकारतो. त्याच दिवशी गाडीची ही पन्हळही बघावी. दुसरी वेळ पावसाळा संपल्यावर. आणि फेब्रुवारी ते मे, पानगळ आणि मोहोराच्या दिवसांत, आठवड्याला एकदा हाताने वेचणे पुरे.

झाडाखाली गाडी उभी करण्याशिवाय इलाज नसेल तर कव्हर घालावे, पण घालण्याआधी जाळीवरचा पाला काढावा. नाहीतर पाला आणि ओल दोन्ही आत कोंडली जातात. काही जण जाळीखाली दुसरी जाळी बसवतात. ती मच्छरदाणीइतकी बारीक असू नये. धुळीने ती स्वतःच बुजते आणि हवा अडते. आणि जाळी बसवली म्हणून पाहणे सोडू नये.

ही गोष्ट फक्त जुन्या गाड्यांची नाही. नव्या गाडीतही काचेखाली हीच पन्हळ असते. तिथून येणारी हवा बऱ्याच नव्या गाड्यांत आधी एका कागदी गाळणीतून जाते. पाला साचला की ती ओली होऊन कुबट वास मारते आणि तीच हवा आपली मुले श्वासात घेतात. घरात दमेकरी असेल तर याकडे अधिक लक्ष द्यावे.

जे आम्ही विचारले नाही

आमच्या गाडीच्या हौदात सुदैवाने भोक पडले नव्हते. काठाशी गंज होता, तो घासून रंग दिला. डाव्या बाजूच्या तळाला तळहाताएवढा तुकडा सडला होता, तो चाचांच्या मुलाने कापून नवा पत्रा जोडला. काचेच्या रबरावर आम्ही आधी घालवलेल्या पैशांहून हा खर्च कमी आला.

काम संपत आले तेव्हा चाचा हात पुसत म्हणाले, "तुमचे अब्बा असते तर एवढी माती साठलीच नसती."

तेव्हा आठवले. फजरच्या नमाजहून परतले की अब्बा घरात शिरण्याआधी गाडीपाशी थांबत. काचेच्या खालून बोटे फिरवत पानापानाने पाला वेचत आणि मूठभर झाला की आळ्यात टाकत. रोज. आम्ही खिडकीतून पाहायचो आणि आपसात हसायचो. एकदा तर म्हटलेही, "अब्बा, वारा आला की उडून जाईल, कशाला वाकता?" ते नुसते हसले. त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आम्हाला वाटले, म्हाताऱ्या माणसाचा चाळा आहे.

आम्ही दिवसभर वर्गात मुलांना सांगतो, न कळले तर हात वर करा, प्रश्न विचारायला लाजू नका. घरात मात्र वीस वर्षे रोज सकाळी एक धडा डोळ्यांसमोर चालला होता आणि आम्ही एकदाही हात वर केला नाही. अब्बांच्या कागदपत्रांची, बँकेच्या पुस्तकांची, जमिनीच्या उताऱ्यांची नीट यादी केली. त्यांच्या सवयींची यादी करायचे राहून गेले. वाचकहो, तुमच्या घरी अब्बा, दादा, नाना हयात असतील, तर ते अंगणात, मोरीपाशी, गाडीपाशी न बोलता काय करतात ते एकदा जवळ जाऊन विचारा. उत्तर पुष्कळदा दोन वाक्यांचेच असते.

आता हे काम धाकट्याकडे आहे. दर जुम्याला सकाळी अंघोळीआधी तो काचेखालचा पाला वेचतो. का, हे त्याला ठाऊक आहे. त्याने वहीत हौदाची आकृतीही काढली आहे आणि थोरलीने त्यात दोन चुका दाखवल्या आहेत. गाडी आम्ही गुलमोहराखालून काढून पडवीच्या कडेला आणली. विकण्याचा विषय सध्या मिटला आहे. नूतनीकरणाच्या तपासणीत काय होते ते पाहू, इन्शाअल्लाह.

त्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात अम्मींना पुन्हा घाटातून नेले. उजव्या वळणावर आम्ही दोघांनीही श्वास रोखला. कसलाच आवाज आला नाही. अम्मींनी चप्पल काढून पाय मॅटवर टेकवले, बोटांनी चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "कोरडं आहे. जरा हळू चालवा, अब्बा घाटात एवढ्या जोरात घालत नव्हते."